भाड्याचं यंत्र (लेखांक 6) : जेसीबी दारात, गिऱ्हाईक कुठाय?

सोलापुरात नवी पेठेत संध्याकाळी सहाला जेसीबी घेऊन शिरून दाखवा. कपड्यांची दुकानं, मोबाइलवाले, रस्त्यावर आलेला माल आणि त्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या. बकेट फिरवायला जागा मिळणार नाही. अशा पेठेत जुनी इमारत पाडायची, तर यंत्र आणायचं शटर खाली आल्यावर आणि उजाडायच्या आत हलवायचं. त्या रात्री यंत्राच्या मालकाला वाटतं, दुकानदार आपलं गिऱ्हाईक झाला.

तो होत नसतो. दुकानदार आयुष्यात एकदा इमारत पाडतो. पुन्हा पुन्हा फोन करतो तो पाडकामाचा ठेकेदार, नाहीतर त्याच्या हाताखालचा पेटी कंत्राटदार. यंत्राच्या काचेवर नंबर रंगवून चौकात उभं राहणाऱ्याला मिळतात दोन-चार तासांची फुटकळ कामं, आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरलेला.

काम कुठून येतं हे ओळखण्याचं सोलापूरच्याच मातीतलं एक उदाहरण आहे. वालचंद हिराचंद 1882 साली इथेच जन्मले. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. ठेकेदारीत उतरताना त्यांनी भागीदार निवडला तो लक्ष्मणराव फाटक, रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदार झालेला माणूस. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे मार्गाचं काम या जोडीनं केलं. पुढचे बोगदे, जहाजं, विमानं सगळ्यांना ठाऊक आहेत. हा कारकून मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. रेल्वेत काम कुठून सुटतं आणि बिल कुठल्या टेबलावर अडतं, हे कारकुनी केलेल्या माणसाइतकं कोण जाणणार?

आता त्यातलं बरंचसं मोबाइलवर दिसतं. महापालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्या ई-निविदा ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर निघतात. लहान यंत्रवाल्यानं निविदा भरायची गरज नाही. निकाल वाचावा: गटार, रस्ता, जलवाहिनी यांचं काम कुणाला मिळालं? ज्याच्या हाती कार्यारंभ आदेश पडतो, त्याला लगेच खोदाईचं यंत्र लागतं. खासगी बांधकामांसाठी महारेराचं संकेतस्थळ आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पाची जागा आणि विकासकाचं नाव तिथं कुणालाही पाहता येतं. पाया खणायच्या आधी त्या विकासकाला भेटायचं. स्लॅब पडल्यावर गेलं तर चहा मिळेल, काम नाही.

भेटायला जाताना दरपत्रकापेक्षा जुन्या कामाची लॉगशीट जास्त बोलते. सुरुवातीचं मीटर, शेवटचं मीटर, बकेट की ब्रेकर, डिझेल कुणाचं, आणि खाली साइटवरच्या सुपरवायझरची रोजची सही. ही सही नसली की महिनाअखेरीस ‘एवढे तास झालेच नाहीत’ हे वाक्य ऐकावं लागतं. तासाला शंभर रुपये कमी करून काम पटकावणाऱ्यांपैकी बरेच जण ते शंभर आणि वर आणखी काही याच भांडणात घालवतात.

मुरूम उचलायचं काम सांगणाऱ्या ठेकेदाराकडे आधी गौण खनिजाचा परवाना मागावा. तो नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली वाहनांबरोबर यंत्रही जप्त होतं. ठेकेदार कितीही ओळखीचा असो, सोडवायला तहसील कार्यालयात खेटे मालकालाच घालावे लागतात.

उरली उधारी. ‘वरून बिल निघालं की देतो’ हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं उत्तर. पण 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना संरक्षण आहे. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याआधी झालेली हवी. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. एजंटाला त्यासाठी पैसे मोजू नका.

(पुढच्या आठवड्यात : ऑपरेटर टिकवायचा कसा?)