स्तनाच्या विसरण-भारित एमआरआयमधील प्रतिमागुणवत्ता

स्तनाची विसरण-भारित एमआरआय ही ऊतींमधील पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून स्तनातील गाठींची पारख करणारी तपासणी आहे. रुग्णालयांत ती ‘डिफ्युजन’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचावे लागत नाही व वेळही थोडा लागतो. मात्र स्तनाची जागा व रचना अशी आहे, की तेथील प्रतिमा सहज बिघडते आणि बिघडलेल्या प्रतिमेवरून काढलेला आकडाही चुकतो.

तत्त्व

पाण्याचे रेणू सतत स्वैर हालचाल करीत असतात. कर्करोगाच्या गाठीत बहुधा पेशींची दाटी असल्याने ही हालचाल अडते. स्टेयस्कल व टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार चुंबकीय प्रवणतेचे दोन स्पंद देऊन ती मोजतात. पहिल्या स्पंदाने उमटलेली खूण दुसरा स्पंद पुसतो. परंतु दरम्यान जागा बदललेल्या रेणूंची खूण पूर्ण पुसली जात नाही व त्यांचा संदेश क्षीण होतो. या स्पंदांचा प्रभाव ‘बी-मूल्या’ने सांगतात. निरनिराळ्या बी-मूल्यांच्या प्रतिमांची तुलना करून ‘आभासी विसरण गुणांक’ अर्थात एडीसी काढतात. स्तनासाठी ८०० सेकंद प्रति चौरस मिलिमीटर हे उच्च बी-मूल्य सामान्यतः वापरतात.

प्रमुख समस्या

विरूपण : श्वासाच्या हालचालीने प्रतिमा बिघडू नये म्हणून ती सेकंदाच्या अंशात एकाच दमात टिपतात. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये सुचवलेली ही जलद पद्धत चुंबकीय क्षेत्रातील किंचित विषमतेनेही प्रतिमा ताणते वा दाबते. स्तनाभोवती हवा, मागे फुप्फुसे आणि दोन्ही स्तन यंत्राच्या मध्यापासून दूर, यामुळे ही विषमता वाढते. बायॉप्सीच्या वेळी बसवलेली धातूची खूणही तीत भर घालते.

चरबी : चरबीचा संदेश नीट दाबला गेला नाही, तर तो मूळ जागेवरून सरकून गाठीवर पडतो. चरबीतील विसरण अत्यंत मंद असल्याने गाठीचा एडीसी खोटा कमी भरतो आणि निरुपद्रवी गाठ संशयास्पद वाटू शकते.

क्षीण संदेश : बी-मूल्य वाढवावे तसा संदेश गोंगाटाच्या पातळीला येतो. त्याखाली तो उतरू शकत नसल्याने एडीसी पुन्हा कमी भरतो. काप सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा असल्यास लहान गाठ शेजारच्या ऊतीत मिसळून जाते.

प्रवणतेची असमानता : यंत्राच्या मध्यापासून दूर प्रत्यक्ष बी-मूल्य ठरवलेल्या मूल्याहून वेगळे असू शकते, त्यामुळे एकाच प्रकारच्या ऊतीचे आकडे जागेनुसार बदलतात.

उपाय

पहिला उपाय साधा आहे : रुग्ण स्त्रीस पालथे व आरामशीर निजवणे आणि त्वचेला घड्या पडू न देणे. त्यानंतर क्षेत्र समतोल करणे, चरबीचा संदेश दाबला गेल्याची पहिल्याच प्रतिमेत खात्री करणे आणि अनेक संवेदकांनी एकाच वेळी टिपण करून विरूपण घटवणे, हे टप्पे येतात. प्रतिमा तुकड्यांत टिपल्यास ती अधिक स्पष्ट येते, पण वेळ वाढतो. यंत्राच्या पारखीसाठी बर्फाच्या पाण्यातील नमुना वापरतात. ० अंश सेल्सिअसला पाण्याचा एडीसी सुमारे ०.००११ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असतो. यंत्राने वेगळा आकडा दिल्यास दोष यंत्रात आहे, हे कळते.

महत्त्व

अमेरिकेतील ‘एक्रिन ६७०२’ या अभ्यासात (२०१९) ६७ स्त्रियांच्या ८१ गाठी तपासण्यात आल्या. ०.००१५३ ही एडीसीची मर्यादा लावली असती, तर कोणताही कर्करोग न हुकता सुमारे २१ टक्के बायॉप्सी टळल्या असत्या, असे त्यात आढळले. हा लाभ आकड्याच्या विश्वासार्हतेवर अवलंबून आहे. पुणे जिल्ह्यातील राजगडसारख्या (पूर्वीचा वेल्हे) डोंगराळ तालुक्यातून शहरात तपासणीस येणाऱ्या स्त्रीला सदोष प्रतिमेमुळे पुन्हा फेरी मारावी लागते किंवा अनावश्यक सुई सोसावी लागते. म्हणून प्रतिमा सदोष असल्यास एडीसी न देता तसे अहवालात नमूद करणे, हेच सुरक्षित ठरते. ही तपासणी सध्या नेहमीच्या एमआरआयला पूरक मानली जाते. तिच्या जागी नव्हे.