व्हेलच्या वाटेवरचा धक्का

उत्तर कॅलिफोर्नियात, हम्बोल्ट काउंटीच्या किनाऱ्यावर, ट्रिनिडाड नावाचे जेमतेम तीनशे वस्तीचे गाव आहे. तिथला मच्छीमारी धक्का मुळात 1946 सालचा, लाकडी, 540 फूट लांब होता. डंजनेस खेकड्यांचा माल याच धक्क्यावर उतरतो आणि त्याची मालकी ट्रिनिडाड रँचेरिया या मूलनिवासी समाजाकडे आहे. खांब कुजत चालल्यावर धक्का नव्याने बांधायचे ठरले, आणि एवढ्याशा बांधकामासाठी अख्ख्या उपसागराचा अभ्यास झाला.

अमेरिकेत 1 जानेवारी 1970 रोजी अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यात एक विलक्षण अट आहे. काम केले तर काय बिघडेल, एवढे सांगून भागत नाही. काम केलेच नाही तर काय होईल, हेही तपासावे लागते. ट्रिनिडाडला या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मोठे होते. जुने खांब क्रिओसोटमध्ये मुरवलेले होते. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले हे तेल लाकडाला किडीपासून वाचवते, पण त्यातली विषारी संयुगे वर्षानुवर्षे पाण्यात झिरपत राहतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे चाळीस वर्षे जुन्या अशाच लाकडाला चिकटलेली हेरिंग माशाची अंडी तपासली होती. त्यांतले एकही पिल्लू जगले नाही. म्हणजे काहीच न करणे हाही निरुपद्रवी पर्याय नव्हता.

त्यात धक्क्याजवळचा हा समुद्राचा पट्टा राज्याने जैविकदृष्ट्या विशेष महत्त्वाच्या ठरवलेल्या 34 सागरी क्षेत्रांपैकी एक. तिथे सांडपाणी सोडायला बंदी आहे. म्हणून धक्क्यावर पडणारे पावसाचे पाणीसुद्धा समुद्रात न सोडता गोळा करून जमिनीकडे वळवायची सोय आराखड्यातच केली गेली. मला या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आवाजाचा प्रश्न वेगळाच. घणाने खांब ठोकला की पाण्यात दाबाची लाट उठते. जवळच्या माशाची हवेची पिशवी तिने फाटू शकते. उपसागरात सील असतात, करडे व्हेलही येतात. त्यामुळे कंपनाने नळकांडे खाली उतरवायचे, आतली माती गिरमिटाने काढायची आणि त्यात काँक्रीट ओतायचे, अशी पद्धत निवडली गेली. सागरी सस्तन प्राण्यांना होणाऱ्या त्रासासाठी केंद्रीय मत्स्यखात्याची वेगळी परवानगी लागली, आणि काम चालू असताना समुद्रावर नजर ठेवायला निरीक्षक नेमणे हा तिचा भाग होता.

पर्यावरण आढावा म्हणजे कामात खोडा, असे सर्रास म्हटले जाते. इथे त्याच आढाव्याने धक्क्याची रचना सुधारली. 2011 मध्ये काम सुरू झाले, 2012 मध्ये पुरे झाले: 205 लाकडी खांब निघाले आणि त्यांच्या जागी 115 काँक्रीटचे खांब उभे राहिले.