विश्लेषण : बोटीचे जुने इंजिन ऐनवेळी का अडते?

ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांतून लोकांना बोटीने बाहेर काढावे लागले. भामरागडमध्ये पर्लकोटा नदीवरील पूल बुडाला की तालुक्याचा संपर्क तुटतो आणि बोटीचाच आधार उरतो. अशा वेळी बोटीच्या मागे बसवलेले इंजिन, म्हणजेच ओबीएम, लगेच सुरू व्हायला हवे. पण अनेक महिने पडून राहिलेले जुने टू-स्ट्रोक इंजिन नेमके तेव्हाच दगा देते.

थंड इंजिन सुरू का होत नाही?

इंजिनात पेट्रोल नव्हे, त्याची वाफ पेटते. धातू थंड असला की पेट्रोलचे थेंब आतल्या भिंतींना चिकटतात आणि प्लगपर्यंत पुरेशी वाफ पोहोचत नाही. चोक ओढल्यावर हवा कमी होते, पेट्रोल जास्त खेचले जाते आणि ही तूट भरून निघते. पडून असलेल्या इंजिनात आणखी एक अडचण असते. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर बारीक छिद्रे बुजवतो.

सुरू करण्याचा योग्य क्रम कोणता?

- इंजिनाचा खालचा भाग पाण्यात पूर्ण उतरवा. कोरडे चालवल्यास पाण्याच्या पंपातील रबरी पंखा काही क्षणांत खराब होतो.
- पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा.
- नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबा.
- गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि किल स्विचची दोरी जागेवर लावा.
- चोक पूर्ण ओढा, थ्रॉटल ‘स्टार्ट’च्या खुणेवर ठेवा.
- मागे कोणी नाही याची खात्री करा. दोरी आधी हळू ओढा, अडकल्यासारखी वाटली की जोरात झटका द्या. दोरी हाताला गुंडाळू नका.
- इंजिनाने पेट घेताच चोक हळूहळू आत ढकला आणि दोन-तीन मिनिटे मंद गतीने चालू द्या.

इंजिन सुरू झाल्यावर मागच्या छोट्या छिद्रातून पाण्याची धार येते का, ते लगेच पाहावे. धार नसेल तर इंजिन बंद करावे. गाळ किंवा कचरा पाण्याच्या वाटेत अडकलेला असू शकतो.

सर्वाधिक होणारी चूक कोणती?

चोक ओढलेला ठेवून दोरी ओढतच राहणे. यात प्लग पेट्रोलने भिजतो, त्याला ‘इंजिन ओव्हर होणे’ म्हणतात. पेट्रोलचा उग्र वास ही त्याची खूण. अशा वेळी चोक आत ढकलून, न्यूट्रलमध्येच थ्रॉटल जास्त उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढावी. तरीही जमले नाही, तर किल स्विचची दोरी काढून मगच प्लग खोलावा, पुसून कोरडा करावा आणि परत बसवावा. ठिणगीमुळे वाफ पेटू नये, यासाठी ही काळजी.

पावसाळ्यापूर्वी काय करावे?

पुराच्या रात्रीची कसरत मे महिन्यातच टाळता येते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि फार दिवस ठेवले तर पाणी तळाशी वेगळे होते. म्हणून जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. अनेक इंजिनांना ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते, मात्र फार जुन्या इंजिनांना अधिक तेल लागू शकते. मिश्रणाचे प्रमाण माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवावे. रबरी नळीला भेगा आहेत का ते तपासून एक जादा प्लग आणि दोरी जवळ ठेवावी. महिन्यातून एकदा पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिन चालवून पाहावे. तसेच बोट चालवणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम स्वतःच्या हाताने करून पाहिलेला असावा.