आधी कोणीतरी विचारायला हवं

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता आणि त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. सांगणाऱ्यांत मुलगे ५२.९४ टक्के, म्हणजे मुलींपेक्षा किंचित जास्तच. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं २०२१ चं पुस्तक उघडावं. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या सगळ्यात गंभीर कलमांखाली नोंदलेल्या बळींत शंभरातल्या नव्याण्णव मुली आहेत. मुलगा जेमतेम एक. दोन आकड्यांची मापं वेगळी आहेत, हे मान्य. पाहणीत अश्लील चित्रं दाखवण्यापासूनचे प्रकार धरले होते, तर पोलिसांच्या त्या कलमांत सगळ्यात वाईट तेवढंच येतं. तरीही निम्म्यावरून एकावर येणारी ही घसरण व्याख्येच्या फरकाने पुरी पडत नाही. पाहणीत कोणीतरी मुलग्यासमोर बसून विचारलं होतं, पोलीस ठाण्यात त्याने आपणहून यायचं असतं. या लेखाचं म्हणणं या फरकापुरतंच आहे. लहानपणी अत्याचार झालेल्या पुरुषाला सावरायला मदत करायची तर तो येईल म्हणून दार उघडं ठेवून बसणं पुरेसं नाही. त्याला विचारावं लागतं, आणि तो ज्या दुसऱ्या कारणासाठी आलेला असतो, तिथेच विचारावं लागतं.

ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका शाही आयोगाने चर्च, वसतिगृहं, अनाथालयं अशा संस्थांतल्या बालअत्याचाराची चौकशी केली. हजारो माणसांनी बंद खोलीत आयोगापुढे आपली हकिगत सांगितली आणि त्यांत पुरुष जास्त होते. अत्याचार झाला तेव्हापासून तो पहिल्यांदा कुणाला सांगेपर्यंत सरासरी २३.९ वर्षं गेली होती, पुरुषांची त्याहूनही जास्त. चोवीस वर्षं धरू. हा आकडा अमरावती जिल्ह्यातल्या तिवशाच्या मापात बसवून पाहावा. चौथीतला दहा वर्षांचा पोट्टा चोवीस वर्षांनी चौतीसचा होतो. तोवर त्याचं लग्न झालेलं असतं, वाटणीत चार एकर आलेलं असतं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं आणि स्वतःचा मुलगा शाळेत जायला लागलेला असतो. समुपदेशकांच्या अनुभवात पुष्कळ पुरुष नेमके याच टप्प्यावर कोलमडतात, आपलं पोर त्या वयाचं झालं की. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की माणूस उगाच चिडतो, रात्री झोपत नाही, पोराला शेजारी पाठवायचं म्हटलं की अंगावर येतो, आणि संध्याकाळी पिऊन येतो. वऱ्हाडात या सगळ्याला नापिकी आणि कर्ज हे तयार उत्तर आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. त्यामुळे त्याच्या मागे आणखी काही असेल असं कुणाच्या मनात येत नाही. लहानपणी तो रडला असेल, तर ‘पोट्टीवानी काहून रडतं बे’ एवढं ऐकून गप्प झालेला असतो. मोठेपणी धीर करून बोलला, तर ‘जाऊ दे ना बापा, झालं गेलं’ हे ठरलेलं. या दोन वाक्यांच्या मध्ये चोवीस वर्षं सहज बसतात.

मग तो समुपदेशकापुढे येतो तेव्हा काय होतं? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं तसं काहीच नाही. हकिगत खोदून काढली जात नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात सावरण्याचे टप्पे मांडले, त्यांत पहिला टप्पा सुरक्षिततेचा आहे आणि आठवणींचा त्यानंतर. जाणता समुपदेशक आधी खुर्चीचं पाहतो. माणसाला दार दिसेल, पाठ दाराकडे होणार नाही, आणि त्याच्या व दाराच्या मध्ये कुणी बसलेलं नसेल अशी. हात खांद्यावर ठेवून धीर देण्याची आपली सवय इथे वर्ज्य असते. सुरुवातीच्या भेटी झोप, दारू, छातीतली धडधड, घरातली भांडणं यांतच जातात. पुढे कधीतरी ते वाक्य येतं, जवळपास प्रत्येकाचं तेच: ‘मी ओरडलो काहून नाही?’ चौतीस वर्षांचा माणूस आपल्या आजच्या दंडांनी त्या दिवसाकडे पाहत असतो. समुपदेशक वाद घालत नाही. त्या वयाचा एखादा फोटो घरी आहे का, एवढं विचारतो. नसला तर शाळा सुटायच्या वेळी चौथीतली पोरं बघून यायला सांगतो. मनगट केवढं असतं, पाठीवर दप्तर असताना चालतात कशी, मोठ्या माणसाच्या कमरेला लागतात की नाही, एवढंच बघायचं. हे काम किती बारीक आहे ते इथे दिसतं. ‘तुझा दोष नव्हता’ हे वाक्य शंभरदा ऐकूनही जे पटत नाही, ते एका मनगटाकडे नीट पाहिल्यावर थोडं हलतं. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गाठ असते आणि ती बहुधा सगळ्यात शेवटी सुटते. त्या प्रसंगी शरीराने प्रतिसाद दिला असेल तर ‘म्हणजे मलाही ते हवं होतं’ असा हिशेब पोराने तेव्हाच मांडून ठेवलेला असतो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते दुःखाने नव्हे, तसंच हे, शरीराचं आपोआप चालणारं काम, इतक्या साध्या भाषेत ते त्याला सांगावं लागतं. हे सांगणारं कुणी भेटलं नाही म्हणून आपल्या पुरुषपणाबद्दल, आपल्याला कोण आवडतं याबद्दल आयुष्यभर शंका घेत बसलेली माणसं आहेत.

कायद्याने मुलग्यांना बाहेर ठेवलेलं नाही, हे सांगायला हवं. १४ नोव्हेंबर २०१२ ला पॉक्सो लागू झाला तो अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी, मुलगा-मुलगी भेद न करता. त्याच वर्षी १३ मे रोजी ‘सत्यमेव जयते’च्या दुसऱ्या भागात मुंबईच्या हरीश अय्यर यांनी लहानपणी वर्षानुवर्षं झालेल्या अत्याचाराबद्दल देशासमोर सांगितलं होतं. रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसलेल्या घरांनी, एक पुरुष हे बोलतो आहे, हे बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. पुढे मुंबईच्याच चित्रपट दिग्दर्शक इन्सिया दरीवाला यांनी पुरुष बळींचा स्वतंत्र अभ्यास व्हावा म्हणून याचिका चालवली, तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी तिची दखल घेतली. बालपणीच्या अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते, हे २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार बालकल्याण समिती मुलाला खटला संपेपर्यंत सोबत करणारी सहायक व्यक्ती देऊ शकते. कागद असा बराच भरलेला आहे. प्रत्यक्षात मात्र यंत्रणेचा साचा बाईचा आणि मुलीचाच राहिला. ‘सखी’ केंद्रं अत्याचारग्रस्त महिलांसाठी आहेत, आणि ती तशी असावीत. खात्याचं नाव महिला व बालविकास. तिवसा मतदारसंघाच्या तेव्हाच्या आमदार यशोमती ठाकूर २०१९ पासून अडीच वर्षं राज्यात याच खात्याच्या मंत्री होत्या, पण खात्याच्या मांडणीतच चौतीस वर्षांच्या पुरुषाला जागा नाही, मंत्री कुठलेही असोत. तो बालक राहिलेला नाही आणि महिला तर नाहीच. सरकारी दप्तरात त्याला सामावून घेणारा रकाना एकच सापडतो: मानसिक आरोग्य.

आणि त्या रकान्यात वऱ्हाडाकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि गरज पडेल त्याला समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे नेलं. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. शेतीतली अडचण तीच होती. बदललं होतं त्यात एक मोठी गोष्ट ही, की दाराशी येऊन कोणीतरी विचारत होतं. राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पानेही हाच मार्ग धरला. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्न विचारते आणि ज्याचं उत्तर काळजीचं वाटेल त्याला पुढे पाठवते. तिच्यावर आधीच गरोदर बायांपासून क्षयरोगापर्यंत किती नोंदवह्या लादल्या आहेत आणि त्याचं मानधन किती वेळेवर मिळतं, हा वेगळा विषय, पण तो विसरून तिच्याकडून आणखी काही मागणं शोभत नाही.

इथे पहिला आणि सगळ्यात खरा आक्षेप येतो. गावातलीच बाई, नात्यातली नाहीतर शेजारची, ती एका पुरुषाला असलं काही विचारणार? आणि विचारलं तर ते संध्याकाळपर्यंत चौकात पोचणार नाही कशावरून? आक्षेप बरोबर आहे, म्हणून आशाताईने हे विचारू नये. तिने झोपेचं, दारूचं, मन न लागण्याचं विचारावं आणि तिथेच थांबावं. बालपणाचा प्रश्न पुढच्या माणसाचा, जो गावातला नाही आणि ज्याला ऐकून घेता येतं. तिवशाहून अमरावती एसटीने तासाभराची. तिथे कुणाला कशासाठी भेटलो हे कळायला गावातलं कुणी बसलेलं नसतं, आणि बाजारहाटाचं निमित्त कायमचं असतं. ज्याला तेवढंही जमत नाही त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही. तोंड दाखवावं लागत नाही हे शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल, पण जिथे कुणाची मोटरसायकल कुणाच्या दारात उभी आहे यावरून बातमी होते तिथे ते मोठं आहे. धुऱ्यावर बसून, माणूसकाणूस नाही हे पाहून, फोन लावता येतो.

दुसरा आक्षेप मुलींच्या बाजूने येतो. हातात पैसा थोडा, माणसं थोडी, बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचारासारखी प्रकरणं डोळ्यांसमोर, आणि त्यात आता पुरुषांचं कुठे काढता? या आक्षेपामागची कळकळ खोटी नाही. मुलींवरचा अत्याचार मोठेपणीही थांबत नाही आणि त्यांचं बोलणंही सुखासुखी ऐकलं जात नाही. पण इथे मागणं आहे ते सखी केंद्राच्या खोलीचं नाही. दारू सोडवायला, झोपेच्या गोळ्या घ्यायला, जीव द्यायला निघाला म्हणून उपचाराला आलेल्या पुरुषासमोर समुपदेशक आजही बसतोच आहे. त्याच्या यादीत एक ओळ घालायची आहे. त्यासाठी मुलीच्या वाट्याचं काही कापावं लागत नाही. उलट बापाच्या मनात हे मोकळं झालेलं असेल तर घरातली लेक ‘काकाकडे जायचं नाही’ म्हणाली तेव्हा तो का म्हणून विचारील, अशी शक्यता तरी राहते.

तिसऱ्या गोष्टीला आक्षेप म्हणण्यापेक्षा भीती म्हणावं, आणि ती या पुरुषांच्या स्वतःच्या मनातही असते: ज्याच्यावर झालं तो पुढे तेच करतो. ऑस्ट्रेलियात लहानपणी अत्याचार झालेल्या २,७५९ जणांच्या नोंदी अनेक दशकं तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या पुरुषांपैकी सुमारे ५ टक्के पुढे लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरले होते. इतर पुरुषांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे, ते लपवायचं कारण नाही. पण शंभरातले पंचाण्णव तसे नव्हते, आणि स्वतःच्या मुलाला आंघोळ घालताना हात आखडता घेणाऱ्या बापाला हा पंचाण्णवचा आकडा सांगणं हे उपचाराचंच काम आहे. कितीतरी जण निव्वळ या भीतीपोटी तोंड उघडत नाहीत, की सांगितलं तर लोक आपल्याकडे पोरं सोडायची नाहीत.

समुपदेशकाच्या यादीतली ती एक ओळ कशी असावी याबद्दल मतभेद होतील. ‘तुमचं लैंगिक शोषण झालं आहे का’ असं विचारलं तर वऱ्हाडातला माणूस नाही म्हणेल, आणि ते खोटं बोलणंही नसेल. ते शब्द त्याला पेपरातल्या बातमीचे वाटतात, त्याच्या चुलतभावाचे, मास्तरचे, सालदाराचे वाटत नाहीत. ‘लहानपणी, तुमच्या मनात नसताना, कुणी मोठ्या माणसाने अंगाला नको तसा हात लावला होता का, किंवा लावायला लावला होता का’ असं काहीसं चालू शकेल. पहिल्यांदा उत्तर बहुधा ‘नाही’च येईल, म्हणून दोन-तीन भेटींनंतर ते पुन्हा विचारावं लागेल. ‘हो’ आलं, तर त्या दिवशी आणखी खोलात न जाता पुढची तारीख द्यायची. ती तारीख देताना पेरणी आणि सोंगणीचा हिशेब धरायला हवा. सोयाबीन उभं असताना तिवशाचा माणूस अमरावतीला समुपदेशनाला येणार नाही, आणि तेवढ्यावरून ‘रुग्णाने उपचार सोडले’ असा शेरा मारून कागद बंद करण्याआधी त्याला एक फोन लावावा, संध्याकाळी साडेसातनंतर, शेतातून घरी आल्यावर.