प्लास्टिकच्या मडगार्डवर रंग टिकत का नाही?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी अलिबागकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना गाडीवर फिरवणाऱ्या एका धंदेवाल्याने आपल्या तीन जुन्या एटीव्हींची मडगार्ड रंगवून घेतली. एटीव्ही म्हणजे चार फुगीर टायरांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली, वाळूतून पळणारी गाडी. नागाव-काशीदला जाऊन आलेल्यांनी ती पाहिलेली असेलच. रंगारी चांगला होता, मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्याचा हात बसलेला. रंग असा चमकला की मालकाने ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्तच दिले. नाताळच्या गर्दीत मात्र त्या रंगाचे पापुद्रे सुटू लागले. एका मुलाने बसल्या बसल्या नखाने उचकटले, तर तळहाताएवढा तुकडा केळीच्या सालीसारखा निघून आला. मालक म्हणाला, रंगाऱ्याने हलका माल वापरला. रंगारी म्हणाला, माल अस्सल होता, डबे दाखवतो. आम्ही दोघांचेही ऐकले, आणि खरे सांगायचे तर दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते.

चूक झाली ती एवढीच की पत्र्यासाठी शिकलेले काम जसेच्या तसे प्लास्टिकवर केले गेले. पत्र्याला घासले, प्रायमर मारला, रंग दिला की तो धरतो. एटीव्हीचे मडगार्ड बहुधा पॉलिइथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते. ही दोन्ही प्लास्टिके मेणाच्या जातीची. त्यांच्यावर पाणी टाकले तर ते पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. रंगाचेही तेच होते. तो वर बसतो, आत धरत नाही. पृष्ठभागाची ही ओढ डाइनमध्ये मोजतात. या प्लास्टिकांची ओढ 30-31 च्या आसपास असते आणि रंग किंवा शाई नीट धरायला ती साधारण 38 च्या पुढे लागते. प्लास्टिकच्या पिशव्या छापणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून तर छपाईपूर्वी रोलवर विजेची ट्रीटमेंट करून घेतात. ती न झालेल्या पिशवीवरची शाई बोटाने पुसली जाते. एका धंद्यात रोज वापरली जाणारी गोष्ट शेजारच्या धंद्याला माहीत नसावी, हे आपल्याकडे नेहमीचेच.

ही गाडी मुळात रंगवण्यासाठी बनलेलीच नाही, हेही लक्षात घ्यावे. होंडा कंपनीने 1970 साली तीन चाकांची अशी गाडी काढली आणि सुझुकीने 1982 साली चार चाकांची बाजारात आणली. पुढे या गाड्यांना जी प्लास्टिकची मडगार्ड आली त्यांचा रंग वरून दिलेला नसतो, तो प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो. झाडाला घासली, दगड लागला, बूट घासला तरी खालून तोच रंग निघावा, हा त्यामागचा हेतू. उन्हाने मात्र तो फिका पडतो, आणि मडगार्ड वाकले की वाकल्या जागी पांढरे पट्टे उठतात. अशा पट्ट्यांवर पुष्कळदा रंगाची गरजच नसते. हीट गन थोड्या अंतरावरून फिरती ठेवली की पांढरेपणा बराच जातो आणि चकाकी परत येते. एका जागी थांबलात तर मात्र प्लास्टिक लोळागोळा होईल. गिऱ्हाईक रंगवायला आले म्हणून रंगवलेच पाहिजे असे नाही. दहा मिनिटांच्या कामाचे वाजवी पैसे घेऊन त्याला परत पाठवणारा कारागीर पुढचे गिऱ्हाईक मिळवतो.

रंगवायचेच असेल तर आधी प्लास्टिक ओळखावे. मडगार्डच्या आतल्या बाजूस बहुधा इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात: पीई, पीपी किंवा एबीएस. अक्षरे नसतील तर आतल्या कडेची एक बारीक चिपळी सुरीने काढून पाण्यात टाकावी. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, एबीएस बुडते. चिपळीला चिकटलेला हवेचा बुडबुडा आधी बोटाने काढावा, नाहीतर परीक्षा फसते. बुडाली तर काम सोपे आहे, कारण एबीएसवर रंग चांगला धरतो. फक्त कडक थिनर ओतू नये, त्याने बारीक चिरा पडतात. तरंगली तर पुढचा सगळा खटाटोप करावा लागतो.

मडगार्ड गाडीवरून उतरवूनच काम करावे. प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यावरच्या गाडीला मिठाचा थर असतो, तो गोड्या पाण्याने दोन वेळा काढावा. नंतर स्वच्छ फडक्याने वॅक्स-रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावे. हे घासण्यापूर्वी करायचे, नंतर नव्हे. गाडी चमकवण्यासाठी जी सिलिकॉनची पॉलिशे लावतात, ती आधी न काढता पेपर मारला तर तेच सिलिकॉन ओरखड्यांत भरले जाते, आणि मग रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. त्यानंतर 400 चा वॉटर पेपर हलक्या हाताने आणि शेवटी 600 चा. जोर लावला तर पॉलिइथिलीनवर लव उठते.

आता कामाचा गाभा. बाजारात प्लास्टिकसाठी अॅडहिजन प्रमोटर म्हणून एक पातळ, पारदर्शक द्रव मिळते. तिच्यात क्लोरिन मिसळलेले पॉलिओलेफिन असते; ते एका बाजूने प्लास्टिकला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरते. दोन पातळ हात पुरे. जाड मारले तर तेच सुटते. त्यावर पेपर मारायचा नाही, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आतच रंग चढवायचा. जुन्या उस्तादांना डब्यावरचे वाचायचा कंटाळा असतो, पण इथे ते वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरा मार्ग ज्योतीचा. गॅस टॉर्चची निळी ज्योत मडगार्डवरून झपकन फिरवायची. एका जागी सेकंदभरही थांबायचे नाही. त्याने वरचा थर हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतो आणि रंग धरू लागतो. नीट झाले की नाही ते पाणी शिंपडून कळते: थेंब न होता पाणी पसरले तर जमले. ज्योत पिवळी असेल तर काजळी बसते आणि होते त्याहून वाईट होते. हा परिणाम फार टिकत नाही, म्हणून लगेच रंगवावे. आजूबाजूला थिनरचा डबा किंवा भिजलेले फडके असता कामा नये, हे सांगायला नको. पण आम्ही पाहिलेल्या दुकानांत ते नेमके पायाशीच असते.

वरचा रंग लवचीक हवा. मडगार्ड वाकते आणि पत्र्याचा कडक लॅकर वाकला की तडकतो. मोटारींच्या बंपरसाठी लॅकरमध्ये मिसळायचे लवचीकपणाचे द्रव मिळते, तेच इथे वापरावे. भर पावसाळ्यात किनाऱ्यावरचा धंदा बंद असतो, म्हणून मालक गाड्या तेव्हाच आणून टाकतात. त्या दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो. मडगार्ड धुऊन घासून ठेवावे, पण प्रमोटर आणि रंग उघडीप मिळाल्यावरच मारावा. मालकाला हे पहिल्याच दिवशी सांगितले तर पुढची कटकट टळते.

काम दिल्याआधी आतल्या बाजूस ब्लेडने सहा उभ्या, सहा आडव्या बारीक रेघा मारून त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. चौकोन निघून आले तर गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये. ही परीक्षा मोठ्या कारखान्यांतही हीच असते.

एक गोष्ट फुफ्फुसांची. दोन डब्यांच्या लॅकरमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेल्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोडासा वासही सहन होत नाही. कित्येकांना हा धंदा सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क या वाफेला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. तो महाग आहे, हे खरे. तो नसेल तर हार्डनरचे काम घेऊ नये, एका डब्याचा रंग वापरावा आणि तो कमी टिकेल हे बिलावर लिहावे. हाताखालच्या पोराला तर फवाऱ्याच्या वेळी बाहेरच काढावे.

इतके करूनही जिथे स्वाराचे बूट आणि ओली वाळू रोज घासते तिथला रंग झिजणारच. ती जागा रंगाऱ्याने आधीच बोटाने दाखवावी आणि हमी फक्त पापुद्रा न सुटण्याची द्यावी. अलिबागच्या त्या रंगाऱ्याने आता तसेच केले आहे. एक मडगार्ड स्वतःच्या खर्चाने साफ करून, चिपळी पाण्यात तरंगते हे मालकाला दाखवून, प्रमोटर मारून परत दिले. उरलेल्यांचे पैसे त्याने वेगळे सांगितले, धुण्या-घासण्याची मजुरी निराळी लावून. मालकाने थोडी घासाघीस केली आणि दोन मडगार्ड टेम्पोत घालून पाठवून दिली.