समान काम, समान मान

भारतीय राज्यघटनेने कलम १४, १५ व १६ अन्वये स्त्री-पुरुषांस कायद्यापुढे समान मानले व सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली. समान कामास समान वेतन मिळावे, हे मार्गदर्शक तत्त्वही कलम ३९ मध्ये नमूद आहे. तथापि घटनेतील तत्त्व कचेरीतील टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही. वाटेत विषमता कोठे दडून बसते, हे दोन खटल्यांवरून चांगले कळते.

पहिली जागा म्हणजे सेवानियम. श्रीमती सी. बी. मुथम्मा या १९४९ साली भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला होत. घटना अमलात येऊन अकरा वर्षे लोटल्यावर, १९६१ साली, या सेवेचे जे नियम झाले त्यांनुसार महिला अधिकाऱ्यास विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी लागे. विवाहानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे शासनास वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येत असे. घरसंसार पुरुष अधिकाऱ्यासही असतो. परंतु त्याच्याकरिता असा नियम नव्हता. पदोन्नती डावलली गेल्यावर मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. खटला चालू असतानाच त्यांना पदोन्नती मिळाल्याने अर्ज निकाली निघाला. तरीही १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले व सर्वच सेवानियम तपासून त्यांतील भेदभाव दूर करण्याची गरज शासनापुढे मांडली.

दुसरी जागा म्हणजे पदाचे नाव. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखालील महिला लघुलेखकांस ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे वेगळे पदनाम होते आणि वेतन पुरुष लघुलेखकांहून कमी होते. श्रीमती ऑड्री डिकॉस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याचा आधार घेतला. पद निराळे आहे, शिवाय कंपनीची सांपत्तिक स्थिती बिकट आहे, अशी बाजू मांडण्यात आली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. पदाचे नाव काय हे न पाहता प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहावे, आणि पैशाची अडचण ही कमी वेतनाची सबब होऊ शकत नाही, असा या निकालाचा आशय आहे.

तिसरी जागा कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. ती म्हणजे दैनंदिन कामाचे वाटप. प्राथमिक शाळांत शिक्षक व शिक्षिका यांची वेतनश्रेणी एकच असते. तरीही पुष्कळदा पहिलीचा वर्ग, स्वागतगीत आणि पाहुण्यांचा चहा शिक्षिकेकडे. तर हिशेब, क्रीडास्पर्धा आणि पंचायत समितीतील कामे शिक्षकाकडे, अशी वाटणी कोणी न ठरवता होऊन जाते. यात पहिलीचा वर्ग हलका समजणे ही एक चूक. कारण वाचन-लेखनाचा पाया तेथेच घातला जातो. दुसरी हानी उशिरा दिसते. जिला वर्षानुवर्षे रोकडवही हाताळू दिली नाही, ती मुख्याध्यापिका झाल्यावर पहिल्याच तपासणीत अडखळते. आणि मग ‘बायकांना कारभार जमत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. न जमण्याचे कारण मात्र त्या वाटणीत असते.

प्रसूती रजेसारख्या तरतुदींकडेही सवलत म्हणून पाहणे योग्य नव्हे. मातृत्वामुळे स्त्रीची नोकरी वा ज्येष्ठता धोक्यात येऊ नये, याकरिता त्या आहेत. म्हणजेच त्या समतेचाच भाग होत.

यावर उपाय खर्चाचा नाही. मुख्याध्यापकांनी वर्षारंभी सर्व कामांची यादी करावी, शिक्षकसभेत ती वाचून दाखवावी, व गेल्या वर्षी कोणते काम कोणाकडे होते हे पाहून फेरपालट करावी. हिशेब, प्रशिक्षण व बाहेरगावची कामे शिक्षिकांकडे, तसेच पहिलीचा वर्ग व पाहुण्यांची व्यवस्था शिक्षकांकडेही यावी. नवे काम देताना ते शिकवण्यास पूर्वीच्या शिक्षकाने महिनाभर सोबत राहावे. वर्गातील मुले-मुली हे सारे पाहत असतात. समतेचा पाठ त्यांना पुस्तकाआधी येथे मिळतो. म्हणून येत्या सत्राची कार्यवाटणी या दृष्टीने तपासून घेतली जावी, ही अपेक्षा आहे.