पिंजऱ्यातील कोंबडी आणि आपली भूतदया

ज्या घरात अंडे शिजत नाही त्या घराने कोंबडीच्या सुखदुःखाची चिंता का वाहावी, असा प्रश्न हा मथळा वाचताच आमच्या कित्येक वाचकभगिनींच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर आम्ही प्रथमच देतो. ताटात काय वाढले आहे हे पाहून दया करावयाची नसते. काशीहून आणलेल्या गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या श्रीएकनाथमहाराजांची कथा आपण मुलांस भक्तिभावाने सांगतो. त्या गाढवाचा आपल्या देवघराशी काय संबंध, असे नाथांनी विचारले नाही. शिवाय वाढदिवसाच्या केकातून, बेकरीच्या जिनसांतून आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या न्याहारीतून अंडे आपल्या उंबरठ्याच्या आत केव्हाच आले आहे. तेव्हा हा प्रश्न परक्याचा म्हणून टाळता येण्यासारखा नाही.

नाथांच्या ह्याच पैठण तालुक्यात, छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोसंबीच्या बाजारासाठी ख्यात असलेले पाचोड हे गाव आहे. अशा गावांतील व वस्त्यांवरील परसात गावरान कोंबडी कशी जगते ते पाहावे. उजाडताच ती खुराड्यातून सुटते, उकिरडा उकरते, धुळीत लोळून अंग झाडते, उन्हे तापली की बाभळीच्या सावलीस बसते. अंडे घालावयाचे झाले म्हणजे ती आडोशाची अंधारी जागा शोधते, आणि खुडूक झाली की एकवीस दिवस अंड्यांवरून फारशी हलत नाही. तिला मांजर, मुंगूस व घार ह्यांचे भय असते, मानमोडीची साथ आली तर सारे खुराडे रिते होते, आणि शेवटी सुरी काही चुकत नाही. तिचे आयुष्य सुखाचेच असते असे आम्ही म्हणत नाही. पण तिला कोंबडी म्हणून जगावयास मिळते एवढे खरे. वर्षाकाठी ती साधारणतः ६० ते ८० अंडी देते, आणि त्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतात.

आता दुसरे चित्र पाहा. खास अंड्यांसाठी पैदास केलेली कोंबडी वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते. तिचे घर म्हणजे तारेचा पिंजरा. अंडे घरंगळून पुढे यावे म्हणून त्याचा तळही तारेचा व उतरता असतो. त्यात एका कोंबडीच्या वाट्यास जी जागा येते ती पुष्कळदा अर्ज लिहावयाच्या कागदाहूनही लहान असते. तिला पंख पसरता येत नाहीत, धूळ अंगावर घेता येत नाही, अंडे घालावयास आडोसा मिळत नाही. कोंडलेल्या पक्ष्यांनी एकमेकांस टोचू नये म्हणून लहानपणीच त्यांच्या चोचीचे टोक छाटतात. एवढ्या अंड्यांच्या कवचास लागणारा चुना तिच्या हाडांतून ओढला जातो, आणि हालचाल नसल्यामुळे ती हाडे ठिसूळ होतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली हीच कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, कारण पक्ष्यास घाम येत नाही. दीड वर्षाच्या सुमारास तिची अंडी कमी झाली की ती खाटकाकडे जाते. तिच्या जातीचा नर तर अंडे देत नाही व मांसासही फायद्याचा नसतो, म्हणून उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारला जातो.

हे सारे दुष्टाव्याने झाले असे मात्र समजू नये. डॉ. बी. व्ही. राव ह्यांनी १९७१ साली पुण्यात आपला उबवणीचा कारखाना काढला व १९८२ साली अंडी-उत्पादकांच्या समन्वय समितीची उभारणी केली. त्यामुळे शेतकऱ्यास बरा भाव मिळू लागला, आणि अंडे गरिबाच्या आवाक्यात आले. पाचोड येथेच एक आरोग्यसंस्था गेली कित्येक दशके खेड्यांतील माता, मुले व किशोरवयीन मुली ह्यांच्या आरोग्यासाठी झटत आहे. अशा ठिकाणी अंड्यातील सकस अन्नाचे मोल कोणास सांगावयास नको. कोंबडीची कणव आली म्हणून गरीब पोराच्या ताटातील अंडे महाग करावे, असे म्हणणे आम्हांस तरी शोभणार नाही.

मग उपाय काय? कायद्याने वाट पूर्वीच दाखविली आहे. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या खटपटीने १९६० साली प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्राण्यास हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा त्याच्या ११ व्या कलमाने अपराध आहे. हे पिंजरे त्या कलमात बसतात, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१२ साली राज्यांस कळविले, आणि २०१७ साली विधी आयोगानेही ह्या विषयावर २६९ वा अहवाल सादर केला. पुढे केंद्र सरकारने जे नियम योजिले त्यांत एका कोंबडीमागे ५५० चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. ह्या अंकाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, एवढ्याच जागेचे साधे पिंजरेही युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. स्वित्झर्लंडने तर ते त्याच्या कितीतरी आधी मोडीत काढले होते. आपल्या कायद्यात पहिल्या अपराधास दंड अवघा १० ते ५० रुपये ठेवला होता. एवढ्याशा दंडाने पिंजरा मोडत नाही. तो मोडावयाचा तर गिऱ्हाइकाचे मन पालटले पाहिजे.

पिंजऱ्याऐवजी भुशाच्या थरावर मोकळे पक्षी सांभाळण्याची गादी पद्धत आपल्या पशुपालकांस परिचित आहे. तीत बसावयास दांडे व अंड्यांसाठी खोकी ठेवली तर कोंबडीच्या बहुतेक उपजत गरजा भागतात. जागा, भुसा व देखरेख अधिक लागत असल्यामुळे अंडे काहीसे महाग पडते, हे खरे. आमचे म्हणणे एवढेच की, हा वाढीव खर्च ऐपत असणाऱ्याने आधी उचलावा. केक, बिस्किटे व मेजवान्या ह्यांवर खर्च करणाऱ्यांनी तो सोसल्यास गरिबाच्या अंड्यास धक्का न लावता सुधारणेस आरंभ होईल.

आमच्या वाचकांच्या हाती पुष्कळ आहे. बेकरीवाल्यास व हॉटेलवाल्यास, अंडी कोठून आणता, असे विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तोही विचार करू लागतो. तपकिरी रंगाचे अंडे ते गावरान, ही समजूत सोडावी. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, तिच्या मोकळिकीवर नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावी असा २००१ सालचा नियम आहे. आपल्या जिल्ह्यात ती आहे का आणि काय करते, ह्याची चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यास एक अंडे सुरू केले होते, परंतु जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून अंडे लोकसहभागावर सोडले. तेथे खेड्यातील बचतगटांच्या मोकळ्या कोंबड्यांची अंडी शाळेस पुरविण्याचा खर्च सुखवस्तू कुटुंबांनी उचलला, तर एकाच रुपयात मुलाचे पोषण, बाईची कमाई आणि कोंबडीची मोकळीक अशी तिन्ही कामे साधतील. स्वतः अंडे न खाणाऱ्यासही हे पुण्य जोडता येण्यासारखे आहे.